पंधरावं नाव

लालबाग,
९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेया,

आशीर्वाद. प्रागच्या पुलावरचे तुझे सदतीस फोटो पोचले. मोजले, कारण आप्पांना प्रत्येक फोटो मोठा करून दाखवावा लागतो आणि प्रत्येक वेळी ते विचारतात, "ह्यां कोण गो?" श्रेया. "आणि ह्यां?" श्रेयाच. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात चौतीस वर्षं उभं राहून ज्याचे कान गेले त्याला हे ओरडूनच सांगावं लागतं. त्यामुळे आजोबांच्या नातीने प्राग बघितलं, हे आता चाळीच्या तिन्ही मजल्यांना ठाऊक आहे. नातीने अभ्यास केला का, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

तू बारावीनंतर जर्मनीला गेलीस ती पाण्याचा निचरा शिकायला. हिंदमाताला कमरेएवढ्या पाण्यातून शाळेतून घरी आलेली मुलगी जलव्यवस्थापन शिकते म्हणाली, तेव्हा मला ते पटलं. पूल बघणं त्यात किती येतं, ते कळव. ठरलं होतं ते आठवतंय का? महिन्याला एक पत्र. वर तारीख, मायना, पूर्ण वाक्यं. अंगठे आणि हसरे चेहरे चालणार नाहीत. त्यासाठी मी साठी उलटल्यावर ई-मेल शिकले. डिसेंबर आणि जानेवारीचं पत्र आलेलं नाही.

संख्याशास्त्राचा पेपर या महिन्यात आहे ना? मागच्या खेपेला ताप आला म्हणून बसली नाहीस. या खेपेला ताप येऊ देऊ नकोस.

मंडळाच्या गुणगौरवाची यादी यंदा मी शेवटची करणार. एकतीस वर्षं पुरे झाली. गणपतीत पदवीधर मुलांची नावं मी माइकवर वाचते आणि आप्पा पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवतात, दुसऱ्यांच्या मुलांसाठी. तुझा बाप बारावीला थांबला. मी बी.ए. झाले तेव्हा ही पद्धत नव्हती. आपल्या खोलीतलं एकही नाव आजवर वाचलं गेलेलं नाही. परवा तुझ्याबद्दल म्हणाले, "चेडवाचा नाव यंदा येतला मां?" मी हो म्हणाले. मी उगाच हो म्हणत नाही.

मृणालिनी आत्या


ड्रेस्डेन,
९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तारीख लिहिली, मायना लिहिला. आता रागावू नकोस.

परीक्षा झाली. नंतर डोकं इतकं बधिर झालं की सरळ हॅम्बुर्गची गाडी पकडली. आमच्या विद्यार्थ्यांच्या पासावर फिरता येतं, त्यामुळे तिकिटाचं बोलू नकोस. तिथला मासळीबाजार नदीकाठी आहे आणि वादळ आलं की पाण्याखाली जातो. गंमत अशी की कुणी आरडाओरडा करत नाही. घरांच्या खालच्या मजल्याला लोखंडी दारं आहेत. सूचना येते, लोक दारं लावतात, गाड्या वर नेतात आणि चहा पीत बसतात. आपल्याकडे परळला लोक पाणी आल्यावर धावतात. मी तासभर त्या दारांच्या बिजागऱ्या बघत उभी होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, विकत घ्यायची आहेत का?

आप्पांना सांग, इथे बोंबील मिळत नाहीत. बांगड्याचा लांबचा भाऊ मिळतो, तो धुरी देऊन पावात घालून खातात. थंडगार.

शेजारी शेवंतीकाकूंना आणि रूपेशदादाला विचारलं म्हणून सांग. तू सांगणार नाहीस, माहीत आहे. आप्पांकडून सांग.

तुझी,
श्रेया


लालबाग,
२७ एप्रिल २०२५

चि. श्रेया,

पत्रात हॅम्बुर्गच्या बिजागऱ्यांवर एक परिच्छेद, माशावर एक आणि परीक्षेवर दोन शब्द: "परीक्षा झाली." मुंजही होते आणि अपघातही होतो. कशी झाली? निकाल कधी? दीड महिना वाट पाहून विचारते आहे.

काल वर्षाचा मसाला केला. आठ किलो मिरच्या घेऊन गिरणीत डंकासमोर चार तास बसले. स्टुलावरून उठले नाही, पाणीसुद्धा तिथेच प्यायले. आपल्या मिरच्या आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायच्या. नजर वळली की कुणाची तरी कोंड्यासारखी मिरची आपल्या डब्यात येते. गुणगौरवाची यादीही मी अशीच केली. जिन्याखाली टेबल, सहा ते आठ, मूळ गुणपत्रिका हातात घेतल्याशिवाय नाव नाही, आणि सगळे पेपर एकाच प्रयत्नात सुटलेले हवेत. शेवंतीवहिनींच्या रूपेशचा एक पेपर राहिला होता, तो त्याने ऑक्टोबरला सोडवला आणि पुढच्या गणपतीत गुणपत्रिका घेऊन रांगेत आला. नियम म्हणजे नियम. मी लिहिलेलं नाव खोडलं. सोळा वर्षं झाली, वहिनी भिंतीपलीकडे राहून माझ्याशी बोलत नाही. कालवणाची वाटी येते, पण ती आप्पांसाठी, आणि आप्पांच्याच हातात. आता तोच रूपेश मंडळाचा सेक्रेटरी आहे. मला "बाई" म्हणतो आणि खुर्ची देतो. तरी मला पश्चात्ताप नाही, हे तुला सांगून ठेवते.

निकाल कळव. प्रवास नको.

आत्या


ड्रेस्डेन,
२५ मे २०२५

प्रिय आत्या,

इथे निकालाला वेळ लागतो. प्रोफेसर आजारी होते.

सध्या प्रबंधाचं काम चालू आहे. व्हिएन्नाला जाऊन आले, पण कामासाठी! तिथे शहराखालून वाहणारी झाकलेली नदी बघितली. आपल्या मिठीला असं कुणी जपलं असतं तर. दुपारी एका बाकावर बसून चपाती-भाजी खाल्ली. चपाती मी केलेली होती, त्यामुळे आकाराबद्दल काही बोलत नाही.

तू डंकासमोर बसलेली मला इथून दिसतेस. नाकाला पदर, डोळे लाल, आणि गिरणीवाल्याची काय बिशाद.

घाईत आहे.

श्रेया


लालबाग,
२९ जून २०२५

चि. श्रेया,

अखेर!

काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेला तुझा फोटो काल सकाळी मोबाइलवर आला. नेहमीप्रमाणे खाली एक अक्षर नाही. निकाल असा कळवतात का? दोन ओळी लिहायला हात दुखत होते? पण आज मी जास्त बोलणार नाही.

आप्पांना दाखवला. त्यांनी "ह्यां कोण" विचारलं नाही. फोन घेतला आणि अनवाणी गॅलरीत गेले. "आमचा चेडू पास झाला! टोपी घातल्यान बघा!" या दारातून त्या दारात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, मी मागून चपला घेऊन धावते आहे. तिसऱ्या मजल्यावरून मनू खाली आली, खालच्या आनंदने दुकान सोडून पेढे आणले. शेवंतीवहिनींनी आप्पांच्या हातावर साखर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, पण साखर जरा जास्त होती.

संध्याकाळी रूपेश आला. म्हणाला, "बाई, यादीत पहिलं नाव श्रेयाचं." मी म्हटलं, पहिलं नाही, शेवटचं. आणि गुणपत्रिका अजून आलेली नाही. तो हसला. "बाई, तुमच्या घरची गुणपत्रिका तुम्हाला कोण विचारणार?" मी रजिस्टर काढलं आणि यंदाच्या चौदा नावांसाठी जागा सोडून पंधराव्या ओळीवर तुझं नाव लिहिलं. निळ्या शाईत.

गुणपत्रिकेची प्रत ताबडतोब पाठव. आणि अभिनंदन.

आत्या


ड्रेस्डेन,
२७ जुलै २०२५

प्रिय आत्या,

उशिराबद्दल सॉरी. मंडळातल्या स्वप्नीलने मला बॅनरचं डिझाइन पाठवलं. आत्या, प्लीज, हे नको. रूपेशदादाला सांग ना. इतकं कशाला? मी काय मोठं केलंय? यादीतही घालू नकोस यंदा. मी गणपतीला तिथे नसणारच, मग नाव वाचून काय उपयोग? पुढच्या वर्षी बघू.

खरंच सांगते, नको.

श्रेया


लालबाग,
८ ऑगस्ट २०२५

चि. श्रेया,

नम्रता हा गुण आहे, पण तिचाही कंटाळा येतो. फ्लेक्स लागला. दहा फूट बाय सहा फूट, चाळीच्या कमानीवर. मध्ये टोपीसकट तू, एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात विमान, खाली बावीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, त्यातले अकरा गॉगल लावलेले. आणि वर लाल अक्षरांत: "लालबागची लेक, जर्मनीत एक!" मी रूपेशला विचारलं, जर्मनीत एक म्हणजे काय? बाकीचे जर्मन कुठे गेले? तर म्हणतो, "बाई, यमक जुळतंय."

आप्पा रोज सकाळी खाली उतरून समोरच्या फुटपाथवर उभे राहतात आणि बघतात. दोन जिने, त्या गुडघ्यांनी.

आता कामाचं. कार्यक्रम ३० ऑगस्टला, शनिवारी, गौरी यायच्या आदल्या दिवशी. चौदा गुणपत्रिका तपासून झाल्या. त्यांखेरीज दोघांना परत पाठवलं, एकाने झेरॉक्स आणली होती, एकीचा एक विषय दुसऱ्या प्रयत्नात सुटला होता. ती रडली. तुझी प्रत मी चार वेळा मागितली. पंचवीस तारखेपर्यंत आली पाहिजे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी एक नाव कागद न बघता लिहिलंय आणि मला झोप लागत नाही.

आत्या


ड्रेस्डेन,
१७ ऑगस्ट २०२५

आत्या,

गुणपत्रिका नाही. मी पास झालेली नाही.

झगा तेजस्वीचा होता, वरळी कोळीवाड्यातली, माझ्या एक वर्ष पुढे. समारंभ तिचा होता. मजा म्हणून मी दोन मिनिटं घातला, तिने फोटो काढला, मी पाठवला. खाली काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. दोन तासांत बाबांचा फोन, मग आप्पा फोनवर ओरडत होते, "चेडवा! चेडवा!" मी "अहो आप्पा, नाही" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं नाही. तेवढीच माझी चूक आहे असं मी दोन महिने स्वतःला सांगतेय. पण ती तेवढी नाही.

मागच्या वर्षी मला ताप नव्हता. मी बसले आणि नापास झाले. फेब्रुवारीत पुन्हा बसले, पुन्हा नापास. निकाल मला हॅम्बुर्गला जाताना गाडीत कळला होता. त्या बिजागऱ्या मी एक तास बघितल्या, कारण परत खोलीवर जावंसं वाटत नव्हतं. सगळे प्रवास तसेच होते. इथे तीनच संधी असतात. तिसरी २५ सप्टेंबरला. त्यात गेले तर पदवीच नाही. सगळी वर्षं गेली.

तू म्हणशील, आधी का नाही सांगितलंस. आत्या, मी तुझ्या टेबलाशेजारी वाढले. रूपेशदादा गुणपत्रिका घेऊन आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. तू त्याचं नाव खोडलंस ते लाल पेन मी आतून आणून दिलं होतं. त्याने कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. त्या घड्या मला अजून दिसतात. मी तुला काय सांगणार होते?

बॅनर काढ. आप्पांना काय सांगायचं ते मला कळत नाही.

श्रेया


लालबाग,
३ सप्टेंबर २०२५

चि. श्रेया,

सतरा दिवस मी तुला उत्तर दिलं नाही. पहिले तीन दिवस जे लिहिलं ते फाडून टाकलं. त्यात फक्त "निर्लज्ज" हा शब्द नऊ वेळा आला होता.

तू खोटं बोललीस. तापाचं, प्रोफेसरांच्या आजारपणाचं. ते मी विसरणार नाही. आता माझं ऐक.

आप्पांना सांगायचं होतं. त्यांना ओरडून सांगितलं असतं तर तिन्ही मजल्यांनी ऐकलं असतं. म्हणून मी शहाणपणा केला. वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: "श्रेया एका विषयात नापास आहे. टोपी मैत्रिणीची होती. पुन्हा परीक्षा आहे." त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचा चष्मा शोधायला आत गेले. बाहेर आले तर चिठ्ठी रूपेशच्या हातात! तो मंडपाच्या वर्गणीची पावती द्यायला आला होता, आप्पांनी त्याला म्हटलं, "वाच रे जरा, काय लिवल्यान ता." आणि आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते. साचेखात्यातली माणसं कानांनी नाही, ओठांनी ऐकतात, तुला माहीत आहे.

रूपेशने चिठ्ठी वाचली. मनात. माझ्याकडे बघितलं. मग आप्पांकडे तोंड करून एकेक शब्द मोठा करून म्हणाला, "बाई विचारतायत, रात्री पेज करू की भात?" आप्पा म्हणाले, "पेज." रूपेशने चिठ्ठीच्या चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिल्या.

जिन्यात मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "राहू दे बाई. फ्लेक्स लागलाय, लोकांनी पेढे खाल्लेत. कोण मार्कशीट बघतंय? सप्टेंबरला सुटेल तिचा." मी बरं म्हटलं. होय, मीच. एक दिवस आणि एक रात्र मी ते तसंच ठेवलं. मग सकाळी त्या रडलेल्या मुलीची, नूपुरची, आई दूध घेताना मला म्हणाली, "बाईंचं काम चोख, घरचं असो की दारचं." मी दूध न घेता परत आले. डंकासमोरून मी उठले होते, श्रेया. एकदाच, आणि ते आपल्याच मिरच्यांसाठी.

फ्लेक्स त्याच दुपारी उतरवायला लावला. लोकांना वाटलं, वाऱ्याने फाटू नये म्हणून.

शनिवारी चौदा नावं वाचली. शाल, नारळ, टाळ्या. मग मी माइकवर म्हटलं, "पंधरावं नाव माझ्या भाचीचं होतं. ते मी गुणपत्रिका न बघता घातलं. ती पास झालेली नाही. नाव मी खोडलं आहे. चूक तिची अर्धी आणि माझी अर्धी."

तिथे थांबायला हवं होतं. पण जुनं रजिस्टर मी काखेत घेऊन गेले होते. ते उघडलं आणि म्हटलं, "आज पंधरावी जागा रिकामी आहे आणि माझ्याकडे सोळा वर्षांची थकलेली दोन वाक्यं आहेत. नियम होता एका प्रयत्नाचा. तो मी केला होता, आणि तो वाईट होता. बी.कॉम., ऑक्टोबर २००८: रूपेश. नूपुरचं नाव सोळावं."

रूपेश स्पीकरची वायर धरून मागे उभा होता. हलेना. पोरांनी ढकलत आणला. माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाला, "बाई, ओरिजिनल घरी आहे. घेऊन येऊ, की झेरॉक्स चालेल?" सगळा मंडप हसला. मी नाही हसले. मला शाल उलगडता येत नव्हती.

आप्पा जोरात टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, त्यांना वाटतंय की तुझंच नाव आहे. घरी आल्यावर त्यांच्या समोर बसले, चेहरा उजेडात धरला आणि म्हटलं, "ना-पास." ते म्हणाले, "कळला माका. माइकवर बोललंस तेव्हा तुझ्या तोंडाकडेच बघी होतंय." मग त्यांनीच विचारलं: "परत बसतली मां?" मी ओरडले, "होय! २५ तारखेला!" तर म्हणतात, "मगे बोंबलतंस कित्याक?"

परवा गौरीच्या दिवशी शेवंतीवहिनींनी घावणं-घाटलं आणलं. ताट आप्पांच्या हातात न देता माझ्या दारात उभी राहिली. "घाटल्यात गूळ कमी पडलाय काय बघ." सोळा वर्षांत पहिलं वाक्य. कमी पडला होता. मी तसं सांगितलं.

आता अभ्यास. रोजचा किती, ते रोज कळव. मोबाइलवर चालेल. वाक्य अर्धं असलं तरी चालेल. पण आकडा खरा हवा, शून्य असला तर शून्य. आणि २५ तारखेपर्यंत ड्रेस्डेनच्या बाहेर पाऊल टाकलंस तर मला सांगू नकोस, थेट दुसरं घर शोध.

नापास झालीस तरी याच घरी यायचं आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं.

आत्या


ड्रेस्डेन,
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

सुटला. काठावर. इथे एक सगळ्यात वरचा, चार म्हणजे शेवटची पायरी आणि त्यानंतर नापास, मला तीन पूर्णांक सात आहेत. फुशारकी मारण्यासारखं काही नाही. गुणपत्रिका सोबत जोडली आहे, पहिल्या दोन प्रयत्नांसकट. विद्यापीठ ते लपवू देत नाही आणि मलाही लपवायचं नाही.

प्रबंध मार्चमध्ये संपेल. मग येते. मधे कुठेही जात नाही. हॅम्बुर्गलासुद्धा.

श्रेया


लालबाग,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. श्रेया,

गुणपत्रिका वाचली. भिंगातून, दोनदा. प्रत मान्य नाही, मूळ कागद आण. यादी मी आणखी एक वर्ष करणार आहे. टेबल जिन्याखालीच असेल, सहा ते आठ. रांगेत उभी राहा. घरातून मागच्या दाराने येऊ नकोस.

हॅम्बुर्गला जाऊन ये. त्या दारांची मापं घे, इथे परळच्या दुकानदारांना दाखवू.

फ्लेक्स टाकला नाही. पावसाची झड आत येत होती म्हणून रूपेशने तो आप्पांच्या दारासमोर गॅलरीला बांधला, छापील बाजू आत. दोन महिने आप्पा तुझ्या टोपीकडे बघत चहा पितात. काल पाऊस संपला म्हणून रूपेश सोडवायला आला, तर त्यांनी दोरी धरून ठेवली. "ऱ्हवांदे." रूपेश म्हणतो, पुढच्या गणपतीत हाच लावू, तारखेवर पट्टी चिकटवली की झालं.

मी परवानगी दिली आहे. "जर्मनीत एक" तेवढं मात्र काढायचं, ही माझी अट आहे. तुझे मार्क बघता, यमक नाही जुळलं तरी चालेल.

आत्या